देवघेवीच्या टेबलावरून

संध्याकाळी साडेपाचला आमच्या गावचं वाचनालय भरायला लागतं. शाळा सुटलेली पोरं, बँकेतून परतणारे लोक, देवळाकडे निघालेल्या आज्या, सगळ्यांची वेळ एकच. सात वाजेपर्यंत देवघेवीच्या टेबलासमोरची रांग तुटत नाही. त्या टेबलामागे बावीस वर्षं एकच बाई बसत आल्या होत्या. सगळं गाव त्यांना मावशी म्हणतं, मीही म्हणते. २०१२ च्या दसऱ्याला त्या टेबलावर मी केलेला संगणकाचा फॉर्म आला. आठव्या दिवशी मावशींनी खणातून जुनी नोंदवही काढली, पेन्सिलीला टोक केलं आणि पुन्हा हातानं लिहायला सुरुवात केली.

"ताई, तुमचं यंत्र चांगलं आहे," त्या मला म्हणाल्या, "पण रांग माझ्यासमोर असते, त्याच्यासमोर नसते."

मी १९९६ पासून हेच काम करते. पतसंस्था, मुलींचं वसतिगृह, दोन दवाखाने, बचत गटांचा एक संघ, अशा छोट्या ठिकाणांच्या नोंदी संगणकावर आणून देते. शिकले फॉक्सप्रोवर. तेव्हा पडदा म्हणजे ८० अक्षरं रुंद आणि २५ ओळी उंच अशी काळी पाटी. कितव्या ओळीत, कितव्या रकान्यात कोणता शब्द दिसायचा ते आकडे घालून सांगावं लागे. जागा इतकी थोडी, की अनावश्यक काही विचारायची सोयच नव्हती. पुढे मायक्रोसॉफ्टचं ॲक्सेस आलं. १९९२ साली पहिल्यांदा निघालेलं हे सॉफ्टवेअर आमच्यासारख्यांपर्यंत पोचलं ते त्याच्या ९७ च्या आवृत्तीपासून. त्यात माऊसनं चौकोन ओढायचा, रंग भरायचा, की फॉर्म तयार. वाचनालयाचा माझा पहिला फॉर्म असाच ओढून केलेला होता: निळी पार्श्वभूमी, चौदा चौकोन, खाली पाच बटणं.

ज्यांनी हे सॉफ्टवेअर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डेटाबेसचे चार भाग असतात. तक्ते म्हणजे कोठीघर. एका डब्यात पुस्तकं, एका डब्यात सभासद, एका डब्यात देवघेव. क्वेरी म्हणजे कोठीतून हवं तेवढंच काढून आणणं. फॉर्म म्हणजे माल आत येण्याचं दार. आणि रिपोर्ट म्हणजे वाढलेलं ताट. ताटात मीठ कुठे, चटणी-कोशिंबीर कुठल्या हाताला, भाजी कुठल्या, हे आपल्याकडे ठरलेलं असतं. जेवणारा न बघता हात नेतो आणि हवं ते मिळतं. रिपोर्टही तसाच असावा असं मला वाटतं. पण दाराचं आधी बोलते, कारण मावशींनी वही तिथेच काढली होती.

वही निघाल्यावर मी तीन संध्याकाळी टेबलाशेजारी स्टुलावर बसले. संगणक बंद, हातात फक्त कागद. वाचक आला की आधी पुस्तक ठेवतो, मग सभासदाचं कार्ड शोधायला खिशात हात घालतो. माझा फॉर्म मात्र आधी सभासद क्रमांक मागत होता. म्हणजे कार्ड सापडेपर्यंत मावशींचे हात रिकामे, आणि पुस्तक समोर असून उपयोग नाही. तारीख रोज प्रत्येक नोंदीला टाइप करावी लागे, जणू दर दोन मिनिटांनी दिवस बदलतो. नोंद जतन करायला माऊस धरावा लागे, आणि माऊससाठी टेबलावरची पुस्तकं सरकवावी लागत. मी मोजलं: एका पुस्तकामागे अकरा हालचाली. वहीत चार होत्या.

नवा फॉर्म पांढरा केला. वर एकच मोठा चौकोन: पुस्तकाचा दाखल क्रमांक. तो क्रमांक प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर, तारखेच्या चिठ्ठीच्या डोक्यावर लिहिलेला असतो आणि मावशी पुस्तक तिथेच उघडतात. क्रमांक टाइप करून एण्टर मारलं की शेजारी पुस्तकाचं नाव उमटतं. मग सभासद क्रमांक, एण्टर, सभासदाचं नाव. पुन्हा एण्टर, नोंद जतन आणि पुढच्यासाठी कोरी ओळ हजर. आजची तारीख आपोआप, परतीची तारीख हिशोब करून. परत येणाऱ्या पुस्तकाला तर एकच आकडा लागतो, कारण ते कोणाकडे होतं हे तक्त्याला ठाऊक असतं. पूर्वी मी तिथेही सभासद क्रमांक विचारत होते. ज्याचं उत्तर आपल्याजवळ आहे ते माणसाला पुन्हा विचारणं म्हणजे त्याच्या वेळेची चोरी, असं मला तेव्हापासून मनापासून वाटतं.

नाव उमटण्याचं महत्त्व वेगळं आहे. ३४१२ च्या जागी ३४२१ पडलं तर आकड्यात ते दिसत नाही. पण हातात कादंबरी असताना पडद्यावर पाककृतींचं पुस्तक आलं, की मावशींचा डोळा तिथेच थांबतो. चूक पकडण्यासाठी मी आधी इशाऱ्यांच्या खिडक्या टाकल्या होत्या. प्रत्येक शंकेला एक खिडकी उघडे, तीही इंग्रजीत. मावशी न वाचता ओके दाबत, आणि त्यांच्या जागी कोणीही तेच केलं असतं. आता खिडकी एकाच वेळी उघडते, पुस्तक आधीच दुसऱ्याच्या नावावर असेल तेव्हा. त्यात मराठीत लिहिलंय: "हे पुस्तक अजून परत नोंदलेलं नाही. आधी परत घ्या." काय बिघडलं आणि पुढे काय करायचं, दोन्ही त्याच दोन वाक्यांत.

सभासद नोंदणीचा फॉर्म करताना मी कागदी अर्ज शेजारी ठेवला आणि चौकोन त्याच क्रमानं लावले. टॅबची कळ दाबली की कर्सर कुठून कुठे जातो, याला टॅबचा क्रम म्हणतात. चौकोन माऊसनं इकडेतिकडे हलवले तरी हा क्रम जुनाच राहतो आणि कर्सर पडद्यावर बेडकासारखा उड्या मारतो. फॉर्म झाला की माऊस बाजूला ठेवून नुसत्या कीबोर्डवर दहा अर्ज भरून बघावेत. कागदी अर्ज 'वय' विचारत होता. वय दर वर्षी खोटं होतं, म्हणून आम्ही अर्जातच 'जन्मतारीख' छापून घेतलं. फॉर्म सुधारायचा तर कधी कधी कागदही सुधारावा लागतो.

आता मराठीची गोष्ट, कारण आपल्याकडे अर्धं काम इथेच अडतं.

पुस्तकांची जुनी यादी कुणीतरी पूर्वी टाइप करून ठेवली होती. लेखकाचा रकाना मोकळा, ज्याला जसं सुचेल तसं लिहिलेलं. पु. ल. देशपांडे, पु.ल.देशपांडे, देशपांडे पु. ल., पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे. आपल्याला ही एकच व्यक्ती. संगणकाला चार लेखक. लेखकवार रिपोर्ट काढला तर पु. लं.ची पुस्तकं चार ठिकाणी विखुरलेली आणि एकाही ठिकाणचा आकडा खरा नाही. उपाय म्हणजे लेखकांचा वेगळा तक्ता, आणि फॉर्मवर लिहिण्याऐवजी निवडण्याची यादी. दोन अक्षरं टाइप केली की नाव पुढे येतं. नवं नाव घालायचं तर वेगळ्या छोट्या फॉर्ममधून, जरा थांबून.

यादी केली तरी मराठी साहित्य आपल्याला सोडत नाही. कुसुमाग्रज कवितेच्या कपाटात आणि वि. वा. शिरवाडकर नाटकाच्या. 'एकच प्याला' राम गणेश गडकऱ्यांच्या नावावर, 'वाग्वैजयंती' गोविंदाग्रजांच्या. वाचक दोन्ही नावांनी मागतो. म्हणून लेखकाच्या तक्त्यात 'मुखपृष्ठावरचं नाव' आणि 'मूळ व्यक्ती' असे दोन रकाने केले. मुखपृष्ठावर जे आहे ते तसंच दिसतं, शोध मात्र दोन्ही वाटांनी पोचतो. हे मला कुठल्याही पुस्तकानं शिकवलं नाही, ग्रंथपालबाईंनी शिकवलं.

त्याहून चमत्कारिक अडचण कऱ्हाडे आडनावानं दाखवली. सभासद समोर उभे, यादीत नाव डोळ्यांना दिसतंय, शोधलं तर 'सापडत नाही'. युनिकोडमध्ये हा चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात खाली टिंब असलेला 'ऱ' आणि हलन्त. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या लेखी दोन निरनिराळे शब्द. वऱ्हाड, कुऱ्हाड, गोऱ्हे, सगळ्यांचं हेच. फॉर्म जतन होताना दुसरी तऱ्हा पहिलीत बदलणाऱ्या चार ओळी लिहिल्या तेव्हा ते थांबलं. मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकानं हे आधीच करून ठेवावं, कारण ज्याचं नाव सापडत नाही त्याला आपण टेबलासमोर ताटकळत उभं करतो आणि दोष त्याचा काहीच नसतो.

जुन्या मराठी फाँटमधला मजकूर असेल तर आधी तो युनिकोडमध्ये आणावाच लागतो. त्या फाँटमध्ये 'क' दिसत असला तरी आत इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असतं, त्यामुळे अकारविल्हे लावायला गेलं की गोंधळ. हे काम कंटाळवाणं आहे. त्यातून सुटका नाही.

दार झालं. आता ताट.

रिपोर्टबद्दल मला एकच प्रश्न महत्त्वाचा वाटतो: हा कागद कोणाच्या हातात जाणार आणि तो हातात घेऊन माणूस काय करणार? थकीत पुस्तकांचा माझा पहिला रिपोर्ट सभासद क्रमांकानुसार होता. अकरा रकाने, बारीक अक्षर, आडवं पान. ग्रंथपालबाईंना तो आवडला. पण पुस्तकं आणायला घरोघर जाणारे शिपाईकाका होते, सायकलवरून. त्यांनी तो कागद घेतला आणि रात्री घरी बसून मुलीकडून दुसऱ्या कागदावर उतरवून घेतला, पेठेप्रमाणे. मला ते दोन महिन्यांनी कळलं. त्यांनी तक्रार केली नव्हती. छापील कागद आहे म्हणजे तोच बरोबर असणार, आपणच जुळवून घ्यावं, असं त्यांना वाटलं होतं. माझ्या सगळ्या कामात मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट ही.

नंतरचा रिपोर्ट काकांच्या त्या हस्तलिखित कागदावरून केला. ॲक्सेसमध्ये गट पाडण्याची सोय असते. पेठ हा पहिला गट, त्यात गल्ली, त्यात सभासद, त्याखाली त्याची पुस्तकं. प्रत्येक पेठ नव्या पानावर, म्हणजे सोमवारी एका पेठेचा कागद घडी करून खिशात, मंगळवारी दुसरीचा. पेठ दोन पानं भरली तर दुसऱ्या पानाच्या डोक्यावरही तिचं नाव पुन्हा यावं, यासाठी गटाच्या मथळ्याला एक खूण करावी लागते. सभासदाचं नाव पानाच्या तळाशी आणि पुस्तकं पुढच्या पानावर अशी फाटाफूट होऊ नये, यासाठी आणखी एक. पुस्तकाचं नाव लांब असेल तर ते कापलं न जाता चौकोन खाली वाढावा, त्यालाही एक. या तीन खुणा मिळून पाच मिनिटांचं काम. अक्षर चौदाचं. उजवीकडे एक रिकामा रकाना ठेवला. "घरी नव्हते", "रविवारी या म्हणाल्या", असं काका त्यात पेन्सिलीनं लिहितात. संगणकातून निघालेल्या कागदावर माणसाला लिहायला जागा असावी, हे त्या रकान्यानं मला पटवलं.

पण पेठेप्रमाणे गट पाडायचे तर पेठ वेगळी नोंदलेली हवी. आमच्या सभासद तक्त्यात पत्ता हा एकच लांब रकाना होता: '२१४, मारुतीच्या देवळामागे, शुक्रवार पेठ'. रिपोर्टसाठी तो तोडावा लागला, नऊशे सभासदांचा, हातानं. तेव्हापासून मी कामाची सुरुवात उलट टोकाकडून करते. आधी लोकांना लागणारे सगळे कागद पेन्सिलीनं काढते, मग त्यांना लागणारे रकाने लिहिते, मग तक्ते, आणि सर्वांत शेवटी फॉर्म. या क्रमानं गेलं की फॉर्मवर काय नको तेही कळतं. सभासदाच्या फॉर्मवरून मी सहा चौकोन काढून टाकले, त्यातला एक फॅक्स नंबरचा. ते कुठल्याच कागदावर येत नव्हते. वार्षिक अहवालात स्त्री, पुरुष आणि बाल सभासद वेगळे दाखवावे लागतात, म्हणून तेवढी नोंद ठेवली.

नवशिक्यांना हमखास छळणारी एक गोष्ट इथेच सांगते: रिपोर्ट छापला की एक पान मजकुराचं, एक कोरं, एक मजकुराचं, एक कोरं. लोक प्रिंटरला दोष देतात. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद असतो. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच समास सोडला तर मजकुराला उरतात १६. रिपोर्टचा आराखडा साडेसोळा झाला की तो अर्धा सेंटिमीटर पुढच्या पानावर सांडतो, आणि त्यात काहीच नसल्यानं पान कोरं निघतं. आराखड्याची उजवी कड माऊसनं आत ढकलायची. ती सरकत नसेल तर कुठलीतरी रेघ किंवा चौकोन कडेला अडकलेला असतो. तो आधी आत घ्यायचा.

आणि आता ती चूक, जिनं मला रिपोर्टवर विश्वास कसा ठेवायचा ते शिकवलं.

जानेवारी २०१३ मध्ये मी देवघेवीचा मासिक रिपोर्ट केला. फॉर्मवर 'या तारखेपासून' आणि 'या तारखेपर्यंत' असे दोन चौकोन, त्यावरून आकडे. १ ते ३१ जानेवारी घालून वहीशी ताडून पाहिलं. तंतोतंत. फेब्रुवारीचा रिपोर्ट कार्यकारी मंडळापुढे गेला आणि देवघेव जवळजवळ दुप्पट. सगळे खूश झाले. वाचनसंस्कृती वाढली म्हणून अध्यक्षांनी मावशींचं कौतुक केलं. बैठक संपल्यावर मावशी माझ्याजवळ आल्या. "ताई, एवढी पुस्तकं या टेबलावरून गेलेली नाहीत. माझा हात मला माहीत आहे."

त्यांचं खरं होतं. ॲक्सेसमध्ये कोडमधून तारीख पाठवली की ती अमेरिकी पद्धतीनं वाचली जाते, महिना आधी आणि दिवस नंतर. १-२-२०१३ म्हणजे आपल्याला १ फेब्रुवारी, त्याला २ जानेवारी. २८-२-२०१३ मध्ये मात्र अठ्ठाविसावा महिना नसल्यानं तो निमूटपणे २८ फेब्रुवारीच समजतो. म्हणजे माझा रिपोर्ट २ जानेवारी ते २८ फेब्रुवारी अशा अठ्ठावन्न दिवसांचा होता. आणि १ जानेवारी उलटसुलट कशीही वाचली तरी १ जानेवारीच, म्हणून माझी तपासणी पास झाली. तारीख कोडमध्ये आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहून पाठवली की हा घोळ होत नाही. पण नुसतं ते दुरुस्त करून माझं समाधान झालं नाही. मथळ्यावर छापलेल्या तारखा तेव्हाही बरोबरच होत्या, कारण त्या चौकोनातून जशाच्या तशा येत होत्या. मग मी प्रत्येक रिपोर्टच्या तळाशी एक ओळ घातली: मोजलेल्या नोंदींतली पहिली तारीख, शेवटची तारीख आणि एकूण नोंदी. काय मागितलं ते मथळा सांगतो, काय मिळालं ते ही ओळ सांगते. फेब्रुवारीत ती ओळ असती तर अध्यक्षांनाही दिसलं असतं. पुढच्या बैठकीत मी उभी राहून आकडा दुरुस्त केला. मावशी शेजारी बसल्या होत्या.

मंडळाला आता एकच पान जातं. या महिन्याची देवघेव, मागच्या वर्षी याच महिन्यातली देवघेव, नवे सभासद, बंद झालेले सभासद, थकीत पुस्तकं, जमा वर्गणी. आलेख नाहीत. एकदा रंगीत आलेख घातले होते, तर सगळी चर्चा रंगांवर झाली.

ग्रंथालयांसाठी तयार सॉफ्टवेअर मिळतं, हे मला माहीत आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं ई-ग्रंथालय आहे, न्यूझीलंडच्या ग्रंथालयात जन्मलेलं मुक्त कोहा आहे. मोठ्या ग्रंथालयानं तिकडेच जावं. ॲक्सेसच्या फाइलला दोन गिगाबाइटची मर्यादा आहे, आणि एकाच वेळी बरेच जण काम करायला लागले की ते दमतं. पण बचत गट, वसतिगृह, गावचं छोटं वाचनालय यांना त्यांच्या पेठा, त्यांचे अर्ज, त्यांच्या सवयी यांच्या मापाचं काहीतरी लागतं. पैसे नसतील तर लिब्रेऑफिसमधलं बेस फुकट आहे, त्यातही हेच चार भाग आहेत. फक्त तक्ते एका फाइलमध्ये आणि फॉर्म-रिपोर्ट दुसऱ्या फाइलमध्ये ठेवावेत, म्हणजे दुरुस्ती करताना नोंदींना हात लागत नाही. आणि रोज रात्री तक्त्यांच्या फाइलची प्रत दुसऱ्या जागी.

मावशी २०१९ साली निवृत्त झाल्या. त्याआधी महिनाभर त्यांनी मला बोलावून घेतलं. "गेल्या दहा वर्षांत एकदाही बाहेर न गेलेली पुस्तकं कोणती, ते निघेल का?"

निघणार होतं. संगणकावरच्या नोंदी सात वर्षांच्या होत्या. त्याआधीचं मावशींनी तारखेच्या चिठ्ठ्यांवरून स्वतः पाहायचं ठरवलं. पुस्तकांच्या तक्त्यातून देवघेवीच्या तक्त्यात ज्यांचा मागमूस नाही ती वेगळी काढायची, एवढीच क्वेरी. दाखल क्रमांकानुसार लावून मी त्यांना पडद्यावर दाखवली. त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग खुर्चीतून उठल्या. "अशी नको. मी किल्ल्या घेऊन हिंडणार, एकेक कपाट उघडणार. मी जशी चालते तशी लावून दे."

मी त्यांच्यामागून वाचनालयभर चालले आणि कपाटांचा क्रम लिहून घेतला. कपाटांच्या तक्त्यात 'चालण्याचा क्रम' असा एक रकाना वाढवला, रिपोर्ट त्यावर लावला, डावीकडे खूण करायला छोटे चौकोन ठेवले. दुसऱ्या दिवशी कागद छापून दिला. पहिल्या पानावर कपाट क्रमांक ७ होतं. दार उघडून आत गेलं की आधी तेच लागतं.